गावच्या अभ्यासिकेतले जुने कॉम्प्युटर: लिनक्स टाकावं का, आणि टाकलं तर आपल्याकडे टिकेल का?

आर्णी_रोड:

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातून लिहून राहिलो. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत अभ्यासिका चालते, पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी करणारी पोरंपोरी सकाळपासून रात्रीपर्यंत तिथं बसतात. मागे एका ऑफिसातून निघालेले डेस्कटॉप आम्हाला दान मिळाले, आय-थ्री चौथ्या पिढीचे, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क, सगळ्यांत विंडोज १०. मशीन धडधाकट आहेत, भंगारात देण्यासारखे बिलकुल नाहीत. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट) संपला आणि विंडोज ११ यांच्यावर चढत नाही, स्क्रीनवर सरळ लिहून येते की हा पीसी चालणार नाही म्हणून. तालुक्याचा एक दुकानदार म्हणतो मशीनमागे पाचशे द्या, जुगाडाने ११ टाकून देतो आणि ॲक्टिवेशनही करून देतो. ते ॲक्टिवेशन कसलं असते हे सगळ्यांना माहीत आहे आणि मला ते नको. पोरं त्याच मशीनवर आधार नंबर टाकतात, जातीचे दाखले अपलोड करतात, बँकेचा ओटीपी टाकून परीक्षेची फी भरतात, तिथं चोरीचं सॉफ्टवेअर ठेवायला माझं मन होत नाही.

लिनक्सचं डोक्यात आहे, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येते ती फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी फुकट पोस्टाने घरी यायची, वेबसाइटवर नाव-पत्ता टाकला की झालं, मीही मागवली होती. तेव्हा सगळे सीनियर म्हणायचे की काही वर्षांत घरोघरी हेच राहील. इतकी वर्षं झाली, आमच्या तालुक्यात मला लिनक्सचा एक कॉम्प्युटर दाखवा. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत, एक म्हणजे या मशीनवर कोणतं लिनक्स नीट चालेल आणि फॉर्म भरण्याच्या कामात कुठं अडकेल, आणि दुसरी म्हणजे फुकट असून, चांगलं असून ते आपल्या गावाखेड्यात आलं काऊन नाही, आणि पुढं येईल असं तुम्हाला मनापासून वाटते का.

कोडवाला_अचलपूर:

मी मूळचा अचलपूरचा, सध्या पुण्यात नोकरीला, रोजचं काम लिनक्सवरच असते म्हणून सांगतो. आधी ११ चं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, तुमचे चौथ्या पिढीचे आहेत म्हणजे विषयच संपला. ही तपासणी चुकवून ११ बसवता येते हे खरं आहे, पण मायक्रोसॉफ्टच म्हणते की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही. विंडोज १० ला एक वर्षाची जास्तीची सुरक्षा अपडेट आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्याला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडावं लागते. पण त्याने प्रश्न फक्त पुढं ढकलल्या जाते. अपडेट नसलेलं मशीन नेटला जोडून ठेवलं तर काय होते ते मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या वेळी जगाने पाहिलं, मायक्रोसॉफ्टने पॅच (दुरुस्तीचा अपडेट) दोन महिने आधी काढला होता तरी ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या, दवाखान्यांपासून कारखान्यांपर्यंत.

तुमच्यासाठी लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपचं. २२ ची मालिका आहे तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ४ जीबीत चालते, खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, पोरांना काही नवीन वाटणार नाही. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहा, हार्डडिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टिम सुरू होते, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासून घ्या आणि मगच टाका. आणि जमलं तर जुनी हार्डडिस्क काढून छोटी एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) बसवा, भाव वाढलेले आहेत पण मशीनचा स्पीड खरा तिच्यानेच वाढते, लिनक्सने नाही, हे स्पष्ट सांगतो कारण लोक लिनक्स टाकून जादूची अपेक्षा करतात आणि मग नाराज होतात.

फॉर्मचं म्हणाल तर भरती, महाडीबीटी, सातबारा, आपले सरकार, सगळं ब्राउझरमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मिंटवर चालतात. पोरांची खरी अडचण असते ती फोटो अमुक केबीत आणि सही तमुक केबीत करण्याची. जिंप नावाच्या फोटो एडिटरमध्ये फोटो उघडा, आधी पिक्सेल कमी करा, मग जेपेग म्हणून एक्सपोर्ट करताना प्रिव्ह्यूवर टिक करा, क्वालिटीची पट्टी डावीकडे सरकवत जा तसा फाइलचा आकार तिथल्या तिथं दिसते, पाहिजे तिथं थांबा. पोरांना एकदा दाखवलं की काम झालं, आणि कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटवर आपला फोटो नि सही चढवायची गरज राहत नाही.

सेतूवाला_घाटंजी:

भाऊ, कोडवाल्या भाऊचं सगळं बरोबर हाये, पण तुमी हे अभ्यासिकेत करून राहिले म्हणून बरोबर हाये. माया दुकानात म्हणसान तर नाही जमत. लोक मायाकडे कायले येतात? पीएम किसानची केवायसी, म्हाताऱ्या माणसायचा हयातीचा दाखला, आधारवरून पैसे काढणं, फार्मर आयडी. यातल्या अर्ध्या कामाले अंगठा लागते, अन अंगठ्याच्या मशीनचं जे सॉफ्टवेअर मले भेटलं ते विंडोजचं अन मोबाइलचं, लिनक्सचं काही भेटलं नाही. कंपनीले फोन लावला तर तिकडचा पोरगा म्हणे सर विंडोजच ठेवा. मंग डिजिटल सहीचं टोकन, त्याचा ड्रायव्हर लिनक्सचा असते पण सही कराचं जे छोटं सॉफ्टवेअर पोर्टल मांगते ते अडते. अन प्रिंटर. मायाकडं जो लेझर प्रिंटर हाये तो इतका जुना अन इतका मजबूत की मी तो विकणार नाही, लिनक्सवर त्यानं एक कागद काढला अन मंग बसला तो बसलाच. दुकानासमोर दहा लोक रांगेत उभे राहिले, त्यातल्या एका बाईले चाराच्या एसटीनं वापस जाणं हाये, तेव्हा मी टर्मिनल, म्हंजे कमांड टाइप कराची खिडकी, उघडून बसू का?

लोक म्हणतात दुकानवाले आळशी, नवीन शिकत नाहीत. तसं नाही जी. आमचा धंदा पाच मिनिटाच्या कामाचा हाये, अन त्या पाच मिनिटात जे अडलं ते कोणाले इचारावं? विंडोज बिघडलं तर यवतमाळले शंभर जण दुरुस्त करणारे हायेत, घाटंजीतच पाच-सहा भेटतीन. लिनक्सवाला कोण हाये? ज्या दिवशी घाटंजीच्या बसस्टँडवर लिनक्स दुरुस्त करणारा बसन त्या दिवशी मी पहिला टाकीन.

पण एक सांगतो जे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी जुळते. आजकाल अंगठ्याचं काम हळूहळू मोबाइलवर चाललं. हयातीचा दाखला चेहरा दाखवून होते, पीएम किसानची केवायसी २०२३ पासून चेहऱ्यानं होते, ई-पीक पाहणी तर आधीपासूनच मोबाइलवर. माया दुकानातलं निम्मं काम आता फोनवर होते. म्हणजे विंडोजची जी गाठ होती ती ढिली होऊन राहिली, पण ती लिनक्सच्या डेस्कटॉपनं नाही, फोननं.

कोडवाला_अचलपूर:

@सेतूवाला भाऊ, तो फोन म्हणजे पण लिनक्सच आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने जे सुरू केलं ते आज आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात आहे, आणि २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत एकही बिनालिनक्सचा नाही. लहान आणि महाकाय दोन्ही टोकं त्याने घेतली, मधला टेबलावरचा कॉम्प्युटर राहिला. आणि तो का राहिला तर दुकानात बॉक्स उघडल्यावर आत विंडोज असते. डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची साधी सिस्टिम, टाकलेले स्वस्त लॅपटॉप आपल्याकडे बरीच वर्षं विकले गेले, लायसन्सचे पैसे वाचावे म्हणून लोक ते घ्यायचे आणि दुकानदार काउंटरवरच त्यात क्रॅकवालं विंडोज टाकून द्यायचा. तिथं लिनक्स टाकून दिलं असतं तर चित्र वेगळं असतं. पायरसीने मायक्रोसॉफ्टचं नुकसान झालं असं सगळे म्हणतात, माझ्या मते आपल्याकडे पायरसीने सगळ्यात जास्त मारलं ते लिनक्सला. जिथं दोन्ही फुकटच मिळते तिथं माणूस ओळखीचं घेते.

मॅडम_सेलू:

मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे जरा लांब लिहिणार.

तुमचा दुसरा प्रश्न, आपल्याकडे का आलं नाही, त्याचं उत्तर मला केरळकडे पाहिलं की मिळतं. तिथं २००१ च्या सुमारास आयटी ॲट स्कूल नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर लिनक्सवर गेले. आता ते काम काइट नावाची सरकारी कंपनी पाहते, स्वतःचं लिनक्स तयार करते, त्यात मल्याळम टायपिंग, गणितासाठी जिओजेब्रा, लहान मुलांचे खेळ सगळं आधीच टाकलेलं असतं. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की दोन लाखांवर कॉम्प्युटरमध्ये हे टाकल्यामुळे लायसन्सचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचले. आकडा मोठा आहे, पण मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की तिथं दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा याच लिनक्सवर होते. म्हणजे मुलांना शिकावंच लागतं, शिक्षकांना शिकवावंच लागतं, आणि शिक्षकांना शिकवावं लागतं म्हणून सरकारला प्रशिक्षण द्यावंच लागतं. २०१८ पासून तर शाळाशाळांत लिटल काइट्स म्हणून मुलांचे क्लब आहेत, शाळेतला कॉम्प्युटर बिघडला की तीच मुलं आधी हात घालतात. सेतूवाल्या दादांना बसस्टँडवर जो दुरुस्तीवाला हवा आहे ना, तो असा तयार होतो, आठवीच्या वर्गात.

आपल्याकडे शाळेत कॉम्प्युटर येतात, उद्घाटन होतं, फोटो निघतात, मग एक बंद पडतो, मग दुसरा, आणि खोलीला कुलूप लागतं. मी आमच्या शाळेतल्या कुलपातल्या मशीनवर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन लिनक्स टाकलं, चौथीच्या मुलांना जीकॉम्प्री हे शैक्षणिक खेळांचं सॉफ्टवेअर लावून दिलं, एकाही मुलाने मला विचारलं नाही की मॅडम हे विंडोज आहे का. सहावीतल्या एका मुलीने स्वतःच्या मनाने मेनूतून शोधून डेस्कटॉप मराठीत करून घेतला आणि मग सगळ्यांचा करून दिला. अडचण मुलांची नाही, मोठ्यांची आहे, कारण केंद्रावरून जी एक्सेल शीट येते ती मॅक्रोवाली (आत छोटे प्रोग्रॅम असलेली) असते आणि लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये त्यातली बटणं चालत नाहीत. ती शीट मी ऑफिसच्या विंडोज मशीनवर भरते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आर्णीच्या दादांनी नक्की टाकावं. मात्र ज्या मुलामुलींना टायपिंगची परीक्षा द्यायची आहे त्यांचं आधी बघा.

टायपिंग_पुसद:

मॅडमनी शेवटी जे म्हटलं त्यावरच लिहायला आलो, आमची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. टाइपरायटर गेले आणि जीसीसी-टीबीसी आली, परीक्षा परिषदेची, कॉम्प्युटरवरची. आमच्याकडे सरावाचं जे सॉफ्टवेअर आहे ते विंडोजवरच चालते, त्यात मराठीला रेमिंग्टनची बोटं आहेत, म्हणजे जुन्या टाइपरायटरची. लिनक्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सहज मिळते, सेटिंगमध्ये भाषा जोडली की झालं, आणि इनस्क्रिप्ट चांगलाच आहे, पण ज्या पोरीने सहा महिने रेमिंग्टनवर बोटं बसवली तिला परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्या कीबोर्डवर बसवलं तर तिचा स्पीड जाते आणि तिची नोकरी जाते. म्हणून सगळ्या मशीनवर लिनक्स टाकू नका, एकदोन मशीन टायपिंगसाठी विंडोजवर ठेवा, त्यांना नेट देऊ नका.

दुसरं फॉन्टचं. ऑफिसातून अजूनही कृतिदेवमधल्या फायली येतात. त्या लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसते आणि लोक म्हणतात लिनक्समध्ये मराठी चालत नाही. चूक आहे ते. कृतिदेव हा जुना फॉन्ट, त्यात इंग्रजी अक्षरावर मराठी चित्र बसवलेलं असते, फॉन्ट नसेल तर विंडोजवर पण तसाच काला दिसेल. फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाका, तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये नीट दिसते. पण त्या फाइलमध्ये नाव शोधता येत नाही, व्हॉट्सॲपवर चिकटवता येत नाही, म्हणून नवीन पोरांना तरी युनिकोडच शिकवा, विंडोज असो की लिनक्स, युनिकोड सगळीकडे सारखं.

आर्णी_रोड:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कामाचं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मॅडम, केरळच्या दहावीच्या परीक्षेची गोष्ट डोक्यात बसली. मी एवढे दिवस समजत होतो की लिनक्स कठीण असेल म्हणून आलं नाही, आता दिसते की परीक्षा, अंगठा आणि दुरुस्तीवाला या तिन्ही गोष्टी विंडोजच्या बाजूला उभ्या आहेत म्हणून आलं नाही. मग हे आपल्यासारख्यांनी एकेका गावात करून काही फरक पडते का? सरकारने ठरवल्याशिवाय होईल का?

वऱ्हाडी_अकोला:

सरकारने ठरवूनही पुरत नाही, ठरवलेलं टिकवावं लागते. केंद्र सरकारचं धोरण २०१५ पासून आहे की सरकारी कामात ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असते अशा सॉफ्टवेअरला, प्राधान्य द्या. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्येच बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं, मराठीसकट, चांगलं आहे, पण मी अकोल्यात किती कचेऱ्यांत गेलो, कोणाच्या टेबलावर पाहिलं नाही. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर बांधलेलं माया ओएस आणल्याच्या बातम्या आल्या, सायबर हल्ल्यांच्या भीतीने, म्हणजे जिथं गरज अंगावर येते तिथं निर्णय होते.

बाहेरचं उदाहरण जर्मनीचं. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, दहा वर्षांत १५ हजारांच्या आसपास कॉम्प्युटर बदलले, आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने मत बदललं आणि विंडोजकडे परत जायचं ठरवलं. कारणं बरीच सांगितली गेली, बाहेरच्या कचेऱ्यांकडून येणाऱ्या फायली जुळत नाहीत, कर्मचारी वैतागले, पण त्यात राजकारणही होतं, नवीन सत्ताधारी आले की आधीच्याचं मोडते हे आपल्याला काही नवीन नाही. आणि तरीही २०२४ मध्ये त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने ३० हजार कॉम्प्युटर लिब्रेऑफिस आणि लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं. त्यांची भूमिका सरळ होती, राज्याचा कारभार बाहेरच्या कंपनीच्या मर्जीवर चालू नये.

ती मर्जी काय असते ते आपणही पाहिलं. जुलै २०२५ मध्ये गुजरातच्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीची मायक्रोसॉफ्टची सेवा बंद झाली, का तर युरोपियन युनियनचे निर्बंध. ईमेल बंद, पैसे भरलेले असून बंद. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि मग सेवा सुरू झाली. आता सांगा, कोर्टात जायला नायराजवळ वकील आहेत, उद्या आपल्या बाजार समितीचं किंवा जिल्हा बँकेचं असं झालं तर? मला लिनक्सबद्दल जे वाटते ते फुकटपणामुळे नाही वाटत, कुलपाची चावी आपल्या घरात राहते म्हणून वाटते. लोक मला म्हणतात तू मायक्रोसॉफ्टचा दुश्मन आहेस, मी नाही, त्यांचं एक्सेल मी रोज वापरतो आणि त्यांच्यासारखं एक्सेल कोणी बनवलं नाही हेही मान्य करतो.

तुमच्या गावापुरतं विचाराल तर फरक पडते. तुमच्या अभ्यासिकेतून जी पोरं तलाठी होतील, ग्रामसेवक होतील, क्लार्क होतील, ती उद्या टेबलावर बसतील. लिब्रेऑफिस पाहून घाबरणारा क्लार्क आणि त्यावर दोन वर्षं काम केलेला क्लार्क यात जमीनअस्मानाचा फरक आहे. शासन निर्णय मुंबईत निघते, अंमल तुमच्या पोराच्या हातून होते.

संत्रा_वरुड:

एक लहान गोष्ट, कोणी बोललं नाही म्हणून. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, तुमच्याकडेही नसेल. अपडेट चालू असताना लाइट गेली तर विंडोज असो की लिनक्स, दोन्ही बिघडू शकतात. मिंटमध्ये अपडेट कधी करायचं ते आपल्या हातात असते, तेवढा फायदा घ्या, इन्व्हर्टर चार्ज असेल तेव्हाच करा. आणि टाइमशिफ्ट म्हणून सोय मिंटमध्ये आधीच असते, ती चालू करून ठेवा, बिघडलं तर कालच्या जागी परत येता येते.

सेतूवाला_घाटंजी:

आर्णीवाले भाऊ, ऐका. टायपिंगवाल्या सरायनं सांगितलं तसं दोन मशीन विंडोजवर ठेवा नेट काढून, बाकीच्यायवर मिंट टाका. प्रिंटरचं मात्र नवीन घ्याल तर आधी पाहून घ्या, एचपीच्या बहुतेक प्रिंटरचं लिनक्सवर जमते, मिंटमध्ये ते सॉफ्टवेअर आधीच राहते. प्रिंटर जुनाच असन तर तो विंडोजवाल्या मशीनले लावा अन पोरायले पीडीएफ पेनड्राइव्हवर आणाले लावा, पण पेनड्राइव्ह आधी मिंटमध्ये उघडून पाहाची सवय लावा, विंडोजचे व्हायरस तिथं चालत नाहीत, पोट्ट्यायले शॉर्टकट व्हायरसच्या फायली तिथं उघड्या दिसतात, मिटवून टाकता येतात.

अन कोडवाले भाऊ, तुमी दिवाळीत अचलपूरले आले की इकडं घाटंजीलेही एक चक्कर मारसान का? मायाकडं एक जुना लॅपटॉप पडून हाये. दुकानाचा नाही, पण पोराले देतो, तो शिकन.

कोडवाला_अचलपूर:

येतो ना भाऊ, नक्की येतो. पोराला म्हणा तोवर पेनड्राइव्ह ८ जीबीचा किंवा मोठा घेऊन ठेव, आणि लॅपटॉपचं मॉडेल मला इथंच लिहून पाठव म्हणजे वायफायच्या कार्डचं आधीच पाहून ठेवतो, जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा तेच एक अडते. आर्णीच्या भाऊंनी पहिलं मशीन केलं की कुठं अडलं ते इथंच लिहा, मी रात्री नऊनंतर ऑनलाइन असतो.